गोधडीभोवतीची पांढरी रेघ

आम्ही खडकीच्या बचत गटातल्या बायका. जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवतो आणि फोनवर फोटो पाठवून विकतो.

गेल्या हिवाळ्यात एक गडद निळी गोधडी गच्चीवरच्या दोरीवर टांगून फोटो काढला. मागचं आकाश फार उजळ आलं, म्हणून फोटोच्या अ‍ॅपमध्ये ब्रश घेऊन तेवढंच गडद केलं. गिऱ्हाईक ताईंचं उत्तर आलं, "गोधडी तुमचीच ना? कापून चिकटवल्यासारखी दिसतेय." नीट पाहिलं, तर गोधडीच्या कडेने पांढरी रेघ! ऑर्डर गेली.

ही रेघ येते कशी? शेणाने सारवताना भिंतीलगत हात कमी पडला, की तेवढी पट्टी कोरडी राहते ना? तसंच. ब्रश मोठा होता आणि गोधडीला लागू नये म्हणून आम्ही बोट लांबूनच फिरवलं. मधली पट्टी उजळच राहिली. त्यात आपला डोळाही फसतो. गडद आणि उजळ भाग जिथे भेटतात, तिथला फरक डोळ्याला वाढवून दिसतो. अर्न्स्ट माख या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १८६५ मध्येच हे मांडलं होतं.

आता आम्ही असं करतो.

मूळ फोटो जपून ठेवतो, त्याच्या प्रतीवर काम करतो. आकाशाच्या मधल्या भागात मोठा ब्रश फिरवतो. कडेजवळ आलो, की दोन बोटांनी फोटो मोठा करून बारीक ब्रश घेतो आणि अगदी कडेपर्यंत जातो. वस्तू गडद असेल तर ब्रश तिच्यावर किंचित चढला तरी चालतं, ते कळून येत नाही. वस्तू फिकी असेल तर मात्र कडेवरच थांबायचं आणि आकाशही कमीच गडद करायचं.

जोर एकदम लावायचा नाही. दोन-तीन हलके हात द्यायचे. दर हातानंतर फोन लांब धरून पाहायचं. एचडीआर, स्ट्रक्चर, शार्पनिंग हे पर्याय जास्त वाढवले, तर ते स्वतःच कडेला उजळ रेघ आणतात. म्हणून तिथेही हात आखडता.

आकाश पार पांढरंफटक आलं असेल, तर गडद करून ते नुसतं मळकट राखाडी दिसतं. त्यापेक्षा सकाळी किंवा उन्हं कलल्यावर, सावलीतल्या साध्या भिंतीपुढे फोटो पुन्हा काढावा. रेघेचा प्रश्नच मिटतो.

आणि एक सांगतो. गोधडीचा रंग बदलू देऊ नका. फोटोतला निळा आणि हातात पडलेला निळा एकच असला, तर गिऱ्हाईक परत येतं. फोटो सुधारायचा तो आपला माल खरा दिसावा म्हणून.

एक जुना फोटो काढून आजच करून पाहा, मैत्रिणींनो!