फाइलीचे नाव आणि फाइल



आजचा विषय दिसावयास रुक्ष आहे. युनिक्स जातीच्या संगणक-प्रणालींत, पडद्यावर चित्रे नसताना, केवळ टंकित आज्ञांच्या बळावर फाइली कशा शोधावयाच्या, कशा हलवावयाच्या आणि कशा काढून टाकावयाच्या, एवढाच तो आहे. ‘हे आम्हांला कशाला?’ असे कोणी विचारील, तर त्याने स्वतःच्या खिशात हात घालून पाहावा. तेथे अँड्रॉइडचा फोन असेल, तर त्याच्या गाभ्याशी लिनक्स आहे, आणि लिनक्स हे युनिक्सच्याच वळणावर घडविलेले आहे. जगातील मोठमोठे सर्व्हर बहुतांशी ह्याच प्रणालीवर चालतात, आणि त्यांची निगा राखणारी माणसे आजही चित्रांवर बोट न ठेवता आज्ञाच टंकतात.

ह्या आज्ञा रोमन लिपीत लिहावयाच्या असतात. मी त्या उच्चारावरून सांगणार आहे. एलएस म्हणजे यादी दाखव, सीडी म्हणजे दुसऱ्या फोल्डरात जा, सीपी म्हणजे नक्कल कर, एमव्ही म्हणजे हलव, आरएम म्हणजे काढून टाक. इतकी तुटक नावे का, असे वाटेल. 1969 साली अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीज ह्या संस्थेत केन थॉम्प्सन, डेनिस रिची आणि त्यांचे सहकारी ही प्रणाली रचू लागले, तेव्हा संगणकाशी बोलावयाचे साधन म्हणजे कागदावर खडखडत छापणारे टेलिटाइप यंत्र होते. ते मंद चालत असे आणि त्याच्या कळा जोराने दाबाव्या लागत. दोन अक्षरांत काम भागत असेल, तर पाच कोण टंकणार?

पण आज्ञा पाठ करणे ही ह्या विषयातील सर्वांत सोपी आणि सर्वांत कमी महत्त्वाची गोष्ट आहे. मोठ्या हौसेने पन्नास आज्ञा घोकणारी आणि एके दिवशी महिन्याभराचे काम स्वतःच्या हाताने नाहीसे करणारी मंडळी ह्या क्षेत्रात थोडी नाहीत. समजून घ्यावयाची गोष्ट एकच आहे, ती अशी की युनिक्समध्ये फाइलीचे नाव फाइलीत नसते.

एखाद्या वाचनालयाची कल्पना करा. आत ग्रंथांची कपाटे आहेत आणि प्रत्येक ग्रंथाला एक दाखल क्रमांक आहे. बाहेर कार्डांचे खण आहेत आणि प्रत्येक कार्डावर एक नाव व एक क्रमांक, इतकेच आहे. युनिक्समध्ये ज्याला डिरेक्टरी म्हणतात आणि आपण फोल्डर म्हणतो, तो म्हणजे हा कार्डांचा खण होय. फोल्डराच्या पोटात फाइली ठेवलेल्या नसतात. तेथे नावे आणि त्यांच्यासमोर क्रमांक असतात. त्या क्रमांकाच्या जागी जी नोंद असते तिला आयनोड म्हणतात. फाइलीचा मालक कोण, आकार किती, ती केव्हा बदलली, तिला वाचण्या-लिहिण्याची मुभा कोणास आहे, मजकूर तबकडीवर कोठे आहे आणि तिच्याकडे बोट दाखविणारी नावे किती आहेत, हे सारे त्या नोंदीत लिहिलेले असते. फक्त नाव तेवढे नसते.

एवढे ध्यानात आले, की पुष्कळ कोडी आपोआप सुटतात. चार तासांच्या चित्रपटाची अवाढव्य फाइल एमव्ही आज्ञेने एका फोल्डरातून दुसऱ्यात हलविली, तर काम क्षणार्धात होते. कारण ग्रंथ हललाच नाही, कार्ड तेवढे एका खणातून दुसऱ्यात गेले. तीच फाइल दुसऱ्या तबकडीवर हलवावयाची झाली, तर मात्र वेळ लागतो. कारण आता वाचनालयच दुसरे आहे, आणि ग्रंथाची नक्कल तेथे पोहोचवून येथला काढून टाकावा लागतो. तसेच, एलएन आज्ञेने एकाच फाइलीला दोन नावे देता येतात. ह्यांत मूळ कोणते आणि दुय्यम कोणते, हा प्रश्नच संभवत नाही. दोन्ही कार्डे सारख्याच अधिकाराची.

आणखी एक गोष्ट नवख्याला चक्रावून टाकते. फाइल आपली, तिच्यात लिहिण्याची दुसऱ्या कोणास मुभा नाही, आणि तरीही दुसरा मनुष्य ती काढून टाकू शकतो! हे घडते, कारण काढून टाकणे म्हणजे कार्ड काढणे, आणि त्याची मुभा खणावर अवलंबून असते, ग्रंथावर नव्हे. सर्वांनी मिळून वापरावयाच्या टेम्प नावाच्या फोल्डराला ह्यासाठीच एक खास बंधन घातलेले असते, म्हणजे तेथे दुसऱ्याचे कार्ड कोणास काढता येत नाही.

आता आरएम. ही आज्ञा कार्ड काढते आणि आयनोडमधील नावांची संख्या एकाने कमी करते. ती शून्यावर आली आणि फाइल कोणत्याही चालू कार्यक्रमाने उघडून ठेवलेली नसली, की ती जागा मोकळी समजली जाते व पुढे केव्हाही तिच्यावर दुसरे काही लिहिले जाते. येथे कचऱ्याची टोपली नाही, ‘चुकलो, परत द्या’ म्हणावयाची सोय नाही. उघडून ठेवलेल्या फाइलीचे कलम मात्र मौजेचे आहे. सर्व्हरवरील जागा संपत आली म्हणून कोणी एक प्रचंड नोंदवही काढून टाकतो, यादीतून ती जाते, आणि जागा तर तसूभरही वाढत नाही. जो कार्यक्रम तिच्यात लिहीत आहे, त्याने ती अजून हातात धरलेली असते; तो थांबला, की जागा सुटते.

ह्या आज्ञेला दोन पुष्ट्या जोडता येतात. एकीने ती फोल्डराच्या आतील फोल्डरांत, त्यांच्याही आत, अशी तळापर्यंत उतरते; दुसरीने ती काहीएक न विचारता काम करते. दोन्ही एकत्र आल्या म्हणजे काय होते, ते पिक्सार ह्या चित्रपटसंस्थेने 1998 साली अनुभवले. ‘टॉय स्टोरी 2’ हा चित्रपट तयार होत असताना कोणीतरी त्याच्या मुळाशीच ही आज्ञा चालविली. पाहता पाहता पात्रे, दृश्ये, सामान नाहीसे होऊ लागले आणि सुमारे 90 टक्के काम गेले. राखीव नकला होत्या, पण त्या नीट घेतल्याच जात नव्हत्या, हे त्या दिवशी उघडकीस आले. संस्थेतील एक बाई मूल लहान म्हणून घरून काम करीत, आणि त्यांच्या घरच्या संगणकावर एक नक्कल होती, म्हणून निभावले. पुढे कथेचीच फेरमांडणी झाली आणि त्यातले बरेचसे काम नव्याने करावे लागले, ही गोष्ट निराळी.

असे अपघात बहुधा तारकाचिन्हापायी होतात. तारका म्हणजे ‘येथे काहीही चालेल’. ‘आरएम *.ओ’ म्हटले, तर शेवटी ‘.ओ’ असलेल्या फाइली जातात. तारकेनंतर चुकून एक मोकळी जागा पडली, तर प्रथम फोल्डरातील जवळजवळ सर्व फाइली जातात, आणि मग ‘.ओ’ नावाची फाइल सापडत नाही अशी तक्रार उमटते! ह्यात आरएमचा दोष नाही. तारकेचा अर्थ लावते ती शेल. आपण लिहिलेले ती प्रथम वाचते, तारकेच्या जागी खरी नावे भरते, आणि मग ती यादी आरएमच्या हाती देते. म्हणून जाणते लोक तीच तारका आधी एलएसला देऊन काय दिसते ते पाहतात.

शोधण्याचे काम फाइंड ही आज्ञा करते. तिला कोठून आरंभ करावयाचा ते सांगावे, म्हणजे ती एकेक खण उघडीत, आतल्या खणांतही शिरत, प्रत्येक कार्ड पाहते. नावावरून शोधता येते, आणि नाव आठवत नसले तरी अडत नाही. ‘-एमटाइम -7’ म्हटले, की गेल्या सात दिवसांत बदललेल्या फाइली मिळतात. ‘-साइझ +100एम’ म्हटले, की शंभर मेगाबाइटांहून मोठ्या. मात्र नावात तारका घालावयाची असेल, तर ती अवतरणचिन्हांत घालावी. नाहीतर मघाची शेल तिचा अर्थ आधीच लावून बसते आणि फाइंडपर्यंत तारका पोहोचतच नाही. ह्याच आज्ञेला ‘-डिलीट’ जोडता येते, पण अटी आधी आणि ते शब्द शेवटी असेच असावे लागते. फाइंड डावीकडून उजवीकडे वाचीत जाते. काढण्याचा शब्द आधी आला, तर अट तपासण्यापूर्वीच सारे गेलेले असते.

लोकेट नावाची दुसरी आज्ञा फार त्वरेने उत्तर देते, कारण ती हिंडत नाही. आधी करून ठेवलेल्या सूचीत पाहते. ती सूची सामान्यतः दिवसातून एकदा नवी होते, म्हणून आज सकाळी केलेली फाइल तिला ठाऊक नसते. मजकुरातील शब्दावरून शोधावयाचे असेल, तर ग्रेप आहे. तिच्यावर वेगळे व्याख्यान द्यावे लागेल.

राहता राहिला मराठी नावांचा प्रश्न. आज फाइलीला मराठीत नाव देता येते, ते यूटीएफ-8 ह्या लेखनपद्धतीमुळे. तीही थॉम्प्सन ह्यांनीच, रॉब पाइक ह्यांच्यासह, 1992 साली आखली. तिच्यात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि मात्रा, वेलांटी, हलन्त ही स्वतंत्र चिन्हे धरली जातात. ‘हिशेब’ ह्या शब्दाला 15 बाइट होतात. आरंभीच्या युनिक्समध्ये नावाची मर्यादाच 14 बाइटांची होती, म्हणजे आपला हिशेब तेथे मावलाच नसता! लिनक्सवर सामान्यतः 255 बाइटांची सोय आहे, म्हणजे अशी 85 चिन्हे.

खरी पंचाईत निराळीच आहे. ‘शेतकऱ्यांची यादी’ असे नाव घ्या. त्यातला अर्धा र लिहिण्याच्या तीन तऱ्हा आहेत (हा ‘तऱ्हा’ शब्दही त्याच पंक्तीतला): एक ऱ हे स्वतंत्र चिन्ह घेऊन, दुसरी साध्या र ला नुक्ता लावून, तिसरी र ला हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य सांधा जोडून. कागदावर तिन्ही एकसारखी उमटतात. फाइंड मात्र बाइट जुळवून पाहते. तिच्या लेखी ही तीन भिन्न नावे, आणि लिनक्सवर ती तिन्ही एकाच फोल्डरात सुखाने नांदू शकतात. डोळ्यांसमोर फाइल दिसते आहे, हुबेहूब तेच नाव टंकतो आहे, आणि उत्तर ‘अशी फाइल नाही’ असे येते. अशा वेळी अवघड जोडाक्षर टाळून ‘*यादी’ एवढेच शोधावे. तेवढ्याने तिन्ही समोर आली आणि त्यांतली एकच हवी असली, तर ‘एलएस -आय’ म्हणावे. नावांच्या आधी आयनोडचे क्रमांक छापून येतात. क्रमांक त्या एका तबकडीपुरताच खरा असतो, पण तेथे तो निःसंदिग्ध असतो. तो ‘-इनम’ ह्या शब्दामागे फाइंडला द्यावा, आणि नाव बदलावयाचे काम तिच्याकरवीच एमव्हीला सांगावे.