हंडा सहा आठवडे दुसऱ्याच्या डोक्यावर

मोखाड्यात पावसाळ्यात पाऊस धो धो कोसळतो. मुंबईला पाणी देणारं मध्य वैतरणा धरणही याच तालुक्यातलं. तरी उन्हाळा लागला की कित्येक पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते आणि हंडा चढतो तो बाईच्याच डोक्यावर. गर्भाशयातल्या गाठींचं ऑपरेशन करून घरी आलेल्या बाईच्या विश्रांतीचा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

या गाठी, म्हणजे फायब्रॉइड, सहसा कर्करोगाच्या नसतात. पण अंगावरून इतकं जातं की रक्त कमी होतं, चढ चढताना धाप लागते. कुणाची नुसती गाठ काढतात, कुणाची पिशवीच. पोटावर छेद घेतला असेल, तर सावरायला साधारण 6 आठवडे लागतात. दुर्बिणीतून केलं, तर बहुधा 2 ते 4.

वरचे टाके सुकले की घरच्यांना वाटतं, झाली बरी. आतली जखम मात्र अजून भरत असते. 15 लिटरचा भरलेला हंडा म्हणजे 15 किलोंहून अधिक ओझं. तो उचलताना पोटावर जोर येतो, दुखणं वाढतं, पुढे हर्नियाही होऊ शकतो. म्हणून पाणी, सरपणाची मोळी आणि वाकून करायची लावणी नवऱ्याने, दिराने, जावेने वाटून घ्यायला हवी. हे ऑपरेशनच्या आधीच ठरलेलं बरं.

बाईने खाटेवर पडून राहावं, असा याचा अर्थ नाही. पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून तिने अंगणात थोडं थोडं फिरावं. उठताना आधी कुशीवर वळावं; खोकला आला तर गोधडीची घडी पोटाशी दाबून धरावी. जेवणात नागलीची भाकरी, उडदाची डाळ, शेवग्याचा पाला असावा. लोहाची गोळी चहासोबत घेऊ नये, ती अंगी कमी लागते; लिंबूपाण्यासोबत चालते.

ताप, जखमेतून पू, तासाभरात पॅड भिजेल इतका रक्तस्राव, एका पोटरीला सूज किंवा अचानक दम लागणं, यातलं काहीही दिसलं तर 108ला फोन करावा. मोखाड्याचं ग्रामीण रुग्णालय किंवा जव्हारचं कुटीर रुग्णालय गाठावं.

दिवाळीनंतर अनेक कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात. निघण्याआधी फेरतपासणी करून घ्यावी, काढलेल्या गाठीचा रिपोर्ट मागून घ्यावा आणि डिस्चार्ज कार्ड सोबत न्यावं. नुसती गाठ काढलेल्या बाईला पुढे दिवस गेले, तर बाळंतपण कसं करायचं हे डॉक्टर त्याच कागदावरून ठरवतात.