सिंहमाशाचा शिधा

मंडळी, या व्यासपीठावरून आम्ही यापूर्वी दोनदा बोललो. एकदा किमान वेतनाच्या कायद्यावर आणि एकदा रात्रशाळांवर. यंदा चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही म्हणालो, "घरात पाळलेला समुद्रातला मासा." त्यांना ती थट्टा वाटली. थट्टा नव्हती. गेली काही वर्षे एका माशाच्या पोटापाण्याची जबाबदारी आमच्याकडे आहे. ती पार पाडताना ज्या चुका आम्ही केल्या, त्या दुसऱ्या कोणी करू नयेत एवढ्यासाठी हे सांगत आहो.

मासा मूळचा आमचा नव्हे. २०१८ साली आमच्या भागातला एक कारखाना बंद पडला. आम्ही भांडलो, आणि हरलो. त्या कारखान्यातला एक फिटर, आमचा सभासद, बायकोमुलांसह गावी जायला निघाला. जाण्याच्या आदल्या दिवशी तो टेम्पोत काचेची टाकी, अँगलचे स्वतः वेल्डिंग केलेले स्टँड आणि एक झाकणाची बादली घेऊन दारात उभा राहिला. बादलीत तो मासा होता. "अण्णा, गावाला विजेचा भरवसा नाही. एवढा सांभाळा," असे म्हणून त्याने एक वही आमच्या हाती दिली. नोकरी वाचवता आली नाही त्या माणसाला मासा सांभाळायलाही नकार द्यावा, हे आम्हांला जमले नाही.

इंग्रजीत याला लायनफिश म्हणतात. आपण सिंहमासा म्हणू. अंगावर तांबडेतपकिरी आणि पांढरे पट्टे, दोन्ही बाजूंना पंख्यासारखे पसरलेले पर आणि पाठीवर काट्यांची आयाळ. हिंदी महासागर आणि पश्चिम पॅसिफिक हे याचे घर. टेरॉइस व्होलिटान्स आणि टेरॉइस माइल्स या याच्या दोन मोठ्या जाती दिसायला इतक्या सारख्या, की पारखी माणसाचीही गफलत व्हावी. आमच्याकडे आला तेव्हा तो वीतभरही नव्हता. पूर्ण वाढला म्हणजे ३५ सेंटिमीटरांच्या पुढे जातो, आणि नीट ठेवला तर दहा वर्षांहून अधिक जगतो. दुकानात बोटाएवढे पिल्लू पाहून भुलणाऱ्याने ही दोन माने आधी लक्षात घ्यावीत. पूर्ण वाढीच्या माशाला सुमारे ४५० लिटरांची टाकी लागते, म्हणजे नुसत्या पाण्याचेच साडेचार क्विंटल वजन. जुन्या इमारतीत ती कोणत्या भिंतीशी ठेवायची, हे इंजिनिअरला विचारूनच ठरवावे. याच कुळातल्या ठेंगण्या जाती वीतभरच वाढतात. ज्याचे घर लहान त्याने त्या पाहाव्यात.

आता पाण्याविषयी. खारे पाणी म्हणजे मीठ घातलेले पाणी, अशी आमची समजूत होती. ती चुकीची आहे. घरातले मीठ जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड असते. समुद्रात त्याबरोबर मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असे कितीतरी क्षार असतात. त्या प्रमाणात तयार केलेले मत्स्यालयाचे मीठ दुकानात मिळते. ते साधारण लिटरला ३५ ग्रॅम लागते, म्हणजे ४५० लिटरांस पावणेसोळा किलो. पाणी आरओचे घ्यावे. नळाचे घेतल्यास त्यातले क्लोरीन औषधाने आधी मारून घ्यावे. मुंबईची चौपाटी जवळ आहे म्हणून तिथून कळशी भरून आणण्याचा मोह कोणी धरू नये. शहराचे सांडपाणी जिथे जाते, ते पाणी माशाला काय द्यायचे!

टाकीतले पाणी रोज थोडे आटते. आम्ही पहिल्या आठवड्यात आटले तितके खारे पाणी वर ओतले. डाळ आटली की खारट होते हे घरातल्या बाईमाणसाला ठाऊक असते, आम्हांला सुचले नाही. आटते ते पाणी, मीठ तळाशी राहतेच. म्हणून रोजची भर गोड्या पाण्याची, आणि खारे पाणी फक्त पाणी बदलताना. खारटपणा मोजण्याचे साधे यंत्र मिळते. त्यावर विशिष्ट गुरुत्व १.०२३ ते १.०२५ च्या दरम्यान असावे. पाण्याची उष्णता २४ ते २७ अंश ठेवावी. आपल्या वैशाखात ते अवघड पडते. ज्याला परवडते तो पाणी गार करणारे यंत्र बसवतो. आम्ही पाण्याच्या पृष्ठभागावर पंखा सोडतो. त्याने दोनतीन अंश उतरतात, मात्र पाणी दुप्पट वेगाने आटल्यासारखे वाटते. वीज गेली म्हणजे बॅटरीवर चालणारा हवेचा पंप लावावा. तो उशाशी असावा, माळ्यावर नव्हे.

पण पाण्याचे खरे मर्म डोळ्यांना दिसत नाही. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो. उरलेले अन्न कुजले तरी अमोनियाच होतो, आणि तो विष आहे. एका जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषच. दुसरे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात, ते त्या मानाने सौम्य, आणि पाणी बदलून काढून टाकता येते. मातीत हे काम कोण करते याचा उलगडा रशियन शास्त्रज्ञ विनोग्राड्स्की याने १८९० च्या सुमारास केला. तेच काम टाकीच्या फिल्टरमध्ये चालते. हे जिवाणू नव्या टाकीत आयते नसतात. ते रुजायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि तोवर मासा आणू नये. आमच्या फिटरने जुन्या फिल्टरचा स्पंज टाकीच्याच पाण्यात भिजवून आणला होता, तो यासाठी. आम्ही स्वच्छतेच्या हौसेने तो नळाखाली धुणार होतो. वहीच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहिले होते: 'स्पंज नळाखाली धुवू नये.' तेवढ्याने वाचलो. अमोनिया आणि नायट्राइट तपासण्याच्या बाटल्या मिळतात. दोन्हींचे माप शून्य असावे. दर पंधरवड्याला पाचवा हिस्सा पाणी बदलावे, आणि तयार खारे पाणी झाकलेल्या पिंपात नेहमी शिलकीत असावे.

आता खाणे. आम्ही मासा मारता मारता राहिलो, तो इथेच.

सिंहमासा शिकारी आहे. समुद्रात संध्याकाळी आणि पहाटे तो हळूहळू सरकतो, दोन्ही पंख पसरून भक्ष्याला कोपऱ्यात घेतो, कधी तोंडातून पाण्याची फुंकर मारतो, आणि मग निमिषात गिळतो. चावणे नाही. तोंडात मावेल ते सबंध आत जाते. त्याचे जठर रिकाम्या आकाराच्या तीसपटीपर्यंत ताणू शकते असे मोजले गेले आहे. समुद्रात आज मिळेल, उद्या मिळणार नाही, म्हणून मिळेल तेव्हा भरून घ्यावे अशी त्याची घडण. टाकीत मात्र रोजच मिळू लागले, तर तो रोजच भरून घेतो.

हा मासा माणूस ओळखू लागतो. आम्ही सभेहून घरी आलो की काचेशी येऊन पंख हलवी. आम्हांला वाटे, भुकेला आहे. सारे आयुष्य आम्ही मागणाऱ्याच्या बाजूने उभे राहिलो, मागणी आहे म्हणजे गरज आहे असे धरून चाललो. त्यामुळे तो मागे, आम्ही देऊ. सकाळी एक कोळंबी, रात्री दोन. वहीत 'आठवड्यातून दोनदा' असे स्पष्ट लिहिले होते. आम्ही मनात म्हटले, हा मालकाच्या थाटाचा हिशेब आहे. दोन महिन्यांत मासा घागरीसारखा फुगला. एके रात्री अकराच्या सुमारास पाहतो तो पाणी दुधाळ झालेले, मासा वर येऊन धापा टाकत होता. दगडामागे न खाल्लेल्या कोळंबीचे तुकडे सडले होते. फिटरला फोन केला. त्याने माशाचे काहीच विचारले नाही. "अण्णा, पाणी कसं आहे?" एवढेच विचारले. मग त्याच्या सांगण्यावरून आम्ही सडके तुकडे नळीने ओढून काढले, पिंपातले पाणी घालून तिसरा हिस्सा पाणी बदलले, हवेचा दुसरा पंप लावला, आणि आठ दिवस माशाला काहीही घातले नाही. पहाटे चारला त्याचा श्वास संथ झाला. आयुष्यात प्रथमच आम्ही मागण्या नाकारण्याच्या खुर्चीत बसलो होतो, आणि ती खुर्ची आम्हांला चांगलीच टोचली.

उपाशी राहण्याची या माशाची ताकद मोठी आहे. बारा आठवडे अन्नावाचून तो राहिल्याची नोंद शास्त्रज्ञांनी केलेली आहे. अतिखाण्याने मात्र यकृतात चरबी साठते आणि मासा अकाली जातो. म्हणून वाढत्या पिल्लाला एक दिवसाआड थोडे, आणि मोठ्याला आठवड्यातून दोन-तीनदा. पोट किंचित गोल दिसले की हात थांबवावा. मधूनमधून तो दोनचार दिवस खात नाही, एका जागी रुसून बसतो. अंगावरचे पातळ आवरण तो अधूनमधून टाकतो, तेव्हाही असे होते. पाण्याची मापे ठीक असतील तर घाबरू नये.

काय घालावे याविषयी दुकानांतला सल्ला नेहमीच भरवशाचा नसतो. "बारके गोल्डफिश सोडा, शिकार बघायला मजा येते," असे आम्हांलाही सांगितले गेले. हे करू नये. १९३० च्या दशकात अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात कातड्यासाठी कोल्हे पाळणाऱ्या एका शेतावर कच्चे मासे खाऊन कोल्ह्यांचे पाय लुळे पडू लागले. शोधाअंती असे ठरले, की कार्प कुळातल्या व इतरही काही माशांत थायामिनेज नावाचे द्रव्य असते आणि ते ब१ जीवनसत्त्वाचा नाश करते. गोल्डफिश त्याच कार्प कुळातला. हेच जीवनसत्त्व पॉलिश केलेल्या तांदळातून निघून गेले की माणसाला बेरीबेरी होतो. जावा बेटावर कोंबड्यांवरून त्याचा माग काढणाऱ्या आइकमन यांना १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. शिवाय गोड्या पाण्यातल्या माशात समुद्री माशाला लागणारी स्निग्धाम्ले पुरेशी नसतात. म्हणजे पोट भरते आणि मासा आतून उपाशी राहतो. नुसत्या चहापावावर पाळी ओढणाऱ्या माणसांत आम्ही तीस वर्षे वावरलो. हा प्रकार आम्हांला नवा नव्हता.

त्यापेक्षा बाजारातली कवचासकट कोळंबी, माकुलाचे तुकडे, शिंपल्यांचे मांस, मुडदुशीची पट्टी असा आलटूनपालटून शिधा ठेवावा. कोळंबी एके कोळंबी करू नये. माल आधी गोठवून ठेवावा आणि लागेल तेवढाच पाण्यात सैल करून घ्यावा. तुकडा माशाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा फार मोठा नको. आठवड्यातून एकदा त्यावर जीवनसत्त्वांचे दोन थेंब सोडावेत. नवा मासा मेलेले अन्न ओळखत नाही, कारण त्याला हालचाल दिसावी लागते. त्याला आरंभी जिवंत करंदी द्यावी. मग बोथट टोकाच्या पारदर्शक काडीला मेलेली करंदी लावून ती पाण्याच्या ओघात जिवंतासारखी हलवावी. दिवे मंद असावेत. पंधरा दिवस लागोत की महिना, चिकाटी सोडू नये. काडीचा दुसरा उपयोग असा, की घातलेला प्रत्येक तुकडा पोटात गेला की तळाला, हे डोळ्यांदेखत कळते.

काडी लांब असावी, यालाही कारण आहे. पाठीचे १३, गुदपराचे ३ आणि पोटाकडचे २ मिळून याचे १८ काटे विषारी असतात. ते मोठे पंख दिसतात भयंकर, पण त्यांत विष नाही. टाकीत हात घालताना मासा कोठे आहे हे दुसऱ्या माणसाने पाहत राहावे. आमच्या नातवाने एकदा स्टुलावर चढून हात घातला होता. मासा चार बोटांवर होता. त्या दिवसापासून झाकणाला कडी आहे. काटा लागलाच तर वेदना भयंकर होते, मृत्यू मात्र क्वचितच येतो. जखम चोखू नये, चिरू नये. विष प्रथिनाचे असते आणि उष्णतेने निकामी होते. म्हणून तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांहून अधिक नव्हे, अर्ध्या ते दीड तास बुडवावा. पाणी आधी चांगल्या हाताने पाहावे, कारण दुखऱ्या हाताला चटका कळत नाही. आणि डॉक्टरकडे जावेच. श्वास लागला किंवा अंग सुजले तर वाट पाहू नये.

सोबतीला लहान मासे नकोत, ते शिध्यात जमा होतील. पोवळ्याचे खडक सजावटीला विकत घेऊ नयेत. २००१ पासून पोवळी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात घातलेली आहेत. साधे दगड पुरतात.

मोठी टाकी घेण्याची वेळ आली, खर्च अंगावर आला, तेव्हा एका शेजाऱ्याने सुचवले, "समुद्रातलाच आहे ना? मग खाडीत सोडून द्या." एकवार मोह झाला, हे कबूल करतो. पण अटलांटिकची हकीगत आम्ही वाचली होती. १९८५ साली फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर पहिला सिंहमासा आढळला. तिथला तो मूळ रहिवासी नव्हेच. पाळणाऱ्यांनी सोडलेले मासेच त्या पसाऱ्याचे मूळ, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. मादी वर्षाला वीस लाखांच्या आसपास अंडी घालते. तीस वर्षांत तो कॅरिबियन समुद्र आणि मेक्सिकोचे आखात व्यापून ब्राझीलपर्यंत पोचला. बहामा बेटांजवळच्या एका प्रयोगात, जिथे सिंहमासा होता त्या खडकांवर पाच आठवड्यांत लहान माशांची नवी भर ७९ टक्क्यांनी घटली. तो प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. आपल्या बाजूच्या महासागरात हा परका नाही हे खरे, पण टाकीतले रोग त्याच्याबरोबर समुद्रात जातात. आणि खाडीच्या गढूळ, निम्म्या गोड्या पाण्यात काडीवर जेवायला शिकलेला मासा किती दिवस काढणार? शेजाऱ्याला आम्ही हे सारे सांगितले. तो म्हणाला, "मग युनियनचा वर्गणीदार करा त्याला."

टाकी हप्त्यावर घेतली. २०२० च्या टाळेबंदीत बाजार बंद झाला तेव्हा बर्फाच्या कप्प्यातल्या अर्ध्या किलो कोळंबीवर आम्ही दोन महिने काढले. माशाला ते मानवले, पाणी कधी नव्हे इतके स्वच्छ राहिले. आता बुधवार आणि शनिवार हे शिध्याचे वार आहेत. आम्ही दौऱ्यावर असलो तर सूनबाई तेवढेच घालते, आणि वहीत लिहून ठेवते. फिटर गणपतीनंतर एकदा येऊन जातो. गावी त्याने वेल्डिंगचे दुकान टाकले आहे, वीज अजून जातेच. आला की आधी खारटपणाचे यंत्र धुऊन पाण्याचा थेंब त्यावर ठेवतो, उजेडाकडे धरून पाहतो. मग माशाकडे बघतो, आणि मग चहा घेतो.