भूल उतरल्यानंतरही टिकणारी स्नायुस्तब्धता

शस्त्रकर्म निर्विघ्न पार पडते, भूल उतरते, तरीही रुग्ण हातपाय हलवीत नाही व स्वतः श्वास घेऊ शकत नाही. असा प्रसंग विरळा, परंतु गंभीर होय. याचे एक प्रमुख कारण आपणा सर्व वैद्यबंधूंस व औषधविक्रेत्यांस ज्ञात असणे अगत्याचे आहे.

श्वासनलिकेत नळी घालण्यापूर्वी स्नायू शिथिल करण्यासाठी सक्सिनिलकोलीन, म्हणजेच शस्त्रक्रियागृहातील परिचित ‘स्कोलीन’, वापरतात. रक्तातील स्यूडोकोलिनेस्टरेज हे विकर त्याचे त्वरेने विघटन करते, म्हणून त्याचा प्रभाव ५ ते १० मिनिटांत ओसरतो. हे विकर जन्मतः सदोष असल्यास तोच प्रभाव कित्येक तास टिकतो. श्वसनयंत्राचा आधार चालू ठेवल्यास रुग्ण पूर्ण बरा होतो. मात्र त्या काळात त्यास गुंगीत ठेवणे आवश्यक असते. अन्यथा तो सर्व ऐकतो, पण पापणीही हलवू शकत नाही.

हा दोष आनुवंशिक असून तो कोणत्याही समाजात आढळू शकतो. तथापि आर्य वैश्य, म्हणजेच कोमटी समाजात त्याचे प्रमाण अधिक आढळते. या समाजातील विशिष्ट जनुकदोष २००६ साली प्रसिद्ध झाला. आपल्या राज्यात नांदेड व लगतच्या मराठवाड्यात हा समाज मोठ्या संख्येने आहे. माता व पिता दोघेही दोषवाहक असल्यास प्रत्येक अपत्यास हा दोष पूर्णत्वाने येण्याची शक्यता २५ टक्के असते.

विकराची पातळी अन्य कारणांनीही घटते : यकृतविकार, गर्भावस्था आणि ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकांचा संसर्ग. आपल्या जिल्ह्यातील फवारणी करणाऱ्या शेतकऱ्यांच्या बाबतीत हा प्रश्न अवश्य विचारावा. दम्यावरील बॅम्ब्युटेरॉल हे औषधही या विकरास रोखते. असे औषध घेणाऱ्या ग्राहकाचे शस्त्रकर्म ठरले असल्यास ‘भूलतज्ज्ञांना हे औषध दाखवा’ एवढे औषधविक्रेत्याने सांगितले, तरी मोठे कार्य होईल.

शस्त्रकर्मास रुग्ण पाठविताना पूर्ववृत्त घ्यावे : घरात कोणास भुलीनंतर श्वसनयंत्रावर दीर्घकाळ ठेवावे लागले होते काय? होकार आल्यास सीरम कोलिनेस्टरेजची तपासणी सुचवावी व भूलतज्ज्ञांस लेखी कळवावे; स्कोलीन टाळून अन्य स्नायुशैथिल्यकर औषध योजता येते. ज्या रुग्णात दोष सिद्ध झाला, त्याच्या जवळ तशी चिठ्ठी कायम असावी आणि त्याच्या भावंडांचीही तपासणी व्हावी. कुटुंबाचा पूर्वेतिहास बहुधा आपणांसच ठाऊक असतो. तो शस्त्रक्रियागृहापर्यंत पोहोचविणे हे आपले कर्तव्य होय.