खोदण्याआधी गावाला विचारलं का?

सलूनमध्ये जमिनीवर पडलेल्या आपल्या केसांकडे तुम्ही कधी निरखून पाहिलंय? नाही ना? पण चारशे वर्षांपूर्वी कापून टाकलेल्या अशाच केसांवर चक्क संशोधन झालंय. तेही अलास्कात!

अलास्काच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर, बेरिंग समुद्राकाठी क्विनहागाक हे युपिक आदिवासींचं छोटंसं गाव आहे. गावाजवळच नुनालेक ही त्यांच्या पूर्वजांची जुनी वस्ती गाडली गेली होती. तिथली जमीन बारा महिने गोठलेली, जणू डीप फ्रीझरच. त्यामुळे लाकडी मुखवटे, बाहुल्या, विणलेलं गवत, इतकंच काय, उवासुद्धा टिकल्या. पण हवामान बदलामुळे हा फ्रीझर वितळू लागला, किनारा ढासळू लागला आणि वस्तू समुद्रात जायला लागल्या.

खरी गोष्ट इथून सुरू होते. विद्यापीठ आपणहून गावात घुसलं नाही, गावाने त्याला बोलावलं. पूर्वजांची जागा उकरायला काही ज्येष्ठांचा विरोध होता. त्यावर चर्चा झाली, गाव तयार झालं आणि २००९ मध्ये स्कॉटलंडच्या अ‍ॅबरडीन विद्यापीठाच्या पथकाने गावकऱ्यांसोबत उत्खनन सुरू केलं. पीएचडी करणारी मुलंही त्या चिखलात उतरली. केसांच्या रासायनिक तपासणीतून ती माणसं सामन मासे, सील, कॅरिबू खायची हे कळलं. पण हातात आलेली वस्तू वापरायची कशी, हे सांगायला गावातले आजी-आजोबाच लागले.

जतनासाठी स्कॉटलंडला गेलेल्या वस्तू तिथेच राहिल्या नाहीत. त्या परत आल्या आणि २०१८ मध्ये गावातच त्यांचं संग्रहालय उघडलं. तिथे सुमारे एक लाख वस्तू आहेत. त्या बघून गावातली मंडळी पुन्हा तसं कोरीवकाम करू लागली.

ऑक्टोबर २०२५ मध्ये हालोंग वादळाच्या तडाख्यात नुनालेकचा बराच भाग वाहून गेला. किनाऱ्यावर विखुरलेल्या वस्तू वेचायला पुन्हा गावकरीच धावले. गाव वेळीच तयार झालं नसतं, तर आधीचा ठेवाही हाती लागला नसता.

उद्या प्रोजेक्टसाठी तुम्हीही एखाद्या गावात, पाड्यावर जाल. फोटो काढाल, मुलाखती घ्याल, मार्क्स मिळवाल. तेव्हा स्वतःला एवढंच विचारा : मी इथून जे घेऊन चाललोय, त्यातलं इथे परत काय येणार आहे?