पाण्यातला विस्तव

पुण्यातल्या एका शाळेत मी ३१ वर्षे शास्त्र शिकविले. त्यातला एक प्रयोग दरवर्षी हटकून टाळ्या घेई. पेल्यात पाणी, चिमूटभर धुण्याचा सोडा, दोन शिसपेन्सिली आणि ९ व्होल्टची बॅटरी. शिशांच्या टोकांवर बुडबुडे जमू लागत. एकीकडे हायड्रोजन, दुसरीकडे प्राणवायू. एकदा एका मुलाने विचारले, "सर, मग गाड्या यावरच का चालवत नाहीत?" "महाग पडते," असे म्हणून मी त्याला खाली बसविले. खरे सांगायचे तर, का महाग पडते ते मलाही नीट ठाऊक नव्हते.

परवा फराळाला बसलो असताना नातीने नेमका तोच प्रश्न टाकला. २०२२ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात हायड्रोजनवर चालणाऱ्या देशी बसचे अनावरण झाले, हे तिने वाचले होते. या खेपेला मात्र मी अभ्यास करून होतो.

पाणी फोडायला हिशेबाने १.२३ व्होल्ट पुरेत. पण तेवढ्यावर रेणू हटून बसतात. विजेचा जोर वाढवावा लागतो आणि तो जादा जोर उष्णता होऊन वाया जातो. एक किलो हायड्रोजनला पाणी लागते जेमतेम ९ लिटर. वीज मात्र ५० युनिटांच्या आसपास! ही नासाडी कमी करतो उत्प्रेरक. लग्न जुळविणाऱ्या मध्यस्थासारखा तो काम सुकर करतो आणि स्वतः खर्ची पडत नाही. आटोपशीर आधुनिक यंत्रांत हे काम प्लॅटिनम आणि इरिडियम करतात. पण इरिडियम साऱ्या जगात वर्षाला सात-आठ टनच निघते. एका मालट्रकमध्ये मावेल एवढे!

"मग स्वस्त धातू घ्यायचा!" नात म्हणाली.

निकेल, लोखंड, मॉलिब्डेनम हे स्वस्त खरे, पण कामात मंद. मी तिच्यापुढे खडीसाखर आणि पिठीसाखर ठेवली. दुधात आधी कोणती विरघळेल? बारीक केले की पृष्ठभाग वाढतो. एक सेंटिमीटरचा घन घ्या आणि त्याचे १० नॅनोमीटरचे, म्हणजे मिलिमीटरच्या लाखाव्या हिश्श्याएवढे, घन पाडा. सहा चौरस सेंटिमीटरांचा पृष्ठभाग ६०० चौरस मीटर होतो! शिवाय आकारालाही महत्त्व आहे. मॉलिब्डेनम सल्फाइडच्या पापुद्र्यांत खरे काम कडाच करतात, असे २००७ मध्ये दिसून आले. तेव्हा कडाच कडा असलेले पापुद्रे घडवायचे!

१९५० साली सुरू झालेल्या पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत अशाच स्वस्त उत्प्रेरकांवर संशोधन चालते. अडचण टिकाऊपणाची आहे. चार दिवस चमकणाऱ्या भुकट्या पुष्कळ. पण वर्षानुवर्षे चालविले की त्या झिजतात, झडतात, त्यांचे गोळे होतात. परीक्षेपुरता हुशार मुलगा आणि जन्मभर कामास येणारा माणूस यांतला फरक आम्हां मास्तरांना सांगायला नको. आणि वीज कोळशाचीच असेल, तर धूर फक्त गावाबाहेर गेला, एवढेच.

तो विद्यार्थी आता पन्नाशीत असेल. हा अंक त्याच्या हाती पडला, तर त्याने एवढे समजावे, प्रश्न बरोबर होता. खाली बसायला हवे होते ते मी.