शरीरकमाई, लेखांक ६ : भूक उशिरा येते

वजनं उचलायला नुकतीच सुरुवात केलेला माणूस पहिल्या आठवड्यात जरा चक्रावतो. संध्याकाळी जिममधून घामाघूम होऊन आला की समोरचं ताट नकोसं वाटतं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला, ऑफिसात बसल्याबसल्या, पोटात असा काही कावळा ओरडतो की कँटीनमधली मिसळ आणि दोन पाव कधी संपले ते कळतही नाही.

यातलं पहिलं कोडं बऱ्यापैकी सुटलेलं आहे. जोर लावताना रक्त स्नायूंकडे धावतं, पोटाच्या वाट्याला कमी येतं. शिवाय जठरातून पाझरणारं, भूक चेतवणारं घ्रेलिन हे संप्रेरक (कोजिमा आणि कांगावा या जपानी संशोधकांनी ते १९९९ मध्ये शोधलं) दमदार व्यायामानंतर काही काळ उतरतं. ब्रिटनमधल्या लफबरो विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ मध्ये ९० मिनिटं वजनं उचलणं आणि ६० मिनिटं ट्रेडमिलवर धावणं यांची तुलना केली. घ्रेलिन दोन्हींनंतर उतरलं. पोट भरल्याची वर्दी देणारं पीवायवाय मात्र फक्त धावण्यानंतर वाढलं. हा उतार टिकतो थोडाच वेळ, त्यामुळे रात्री जेवण नको वाटलं म्हणून 'भूक मेली' असं समजून उपाशी झोपू नये.

दुसऱ्या दिवशीची भूक सगळी शरीराचीच असते का? मला शंका आहे. नवखा माणूस तासभर जिममध्ये असतो, पण त्यातला बराच वेळ दोन सेटच्या मधे दम खाण्यात जातो. सत्तर किलोच्या माणसाच्या जेमतेम अडीचशे कॅलरी खर्च होतात. ती मिसळ एकटीच याहून जास्त भरते. स्नायू वाढले की बसल्याजागी चरबी जळते म्हणतात, तेही फुगवून: एक किलो स्नायू विश्रांतीत दिवसाला सुमारे १३ कॅलरी खातो.

पश्चिम बंगालमधल्या एका तागाच्या गिरणीतल्या २१३ कामगारांचा आहार जाँ मेयर आणि सहकाऱ्यांनी तपासला, तो निबंध १९५६ चा. कष्टाच्या कामावरचे लोक कामाच्या मानाने जास्त खात, हे अपेक्षितच. पण बैठ्या कामाचे लोक हलकी कामं करणाऱ्यांपेक्षा जास्त खात होते आणि वजनानेही भारी होते. एका वेळच्या पाहणीवरून कारण ठरवता येत नाही, तरी खुर्चीतून उठून थोडं हलायला लागल्यावर भूक वाढायलाच हवी असं नाही, एवढं यातून दिसतं.

मग जास्तीचं खाणं येतं कुठून? बरंचसं 'आज जिम झालंय ना' या परवानगीतून. थोडं आईच्या आग्रहातून: "व्यायाम करतोस, अजून एक चपाती घे." आणि कोल्हापूरच्या तालमीतली खुराकाची ख्याती ऐकून थंडाई, तूप, बदाम सुरू करणारेही असतात. तो खुराक सकाळ-संध्याकाळ आखाड्यात घुमणाऱ्या पैलवानाचा. आठवड्यातून तीनदा डंबेल हलवणाऱ्याला तो पचेल, पण पोटावर दिसेल.

वाढवायचंच असेल तर प्रथिन वाढवावं, त्याने पोटही जास्त वेळ भरलेलं राहतं. सकाळच्या पोह्यांसोबत दोन उकडलेली अंडी घेतली तर १२ ग्रॅम होतात. अंडी चालत नसतील तर ५० ग्रॅम सोयाबीन वड्यांतून पंचवीसेक. अकराची मिसळ मग आवडीने खावी, पण ती भुकेच्या नावावर खपवू नये.

(पुढील लेखांक : पहिल्या महिन्यात वजनकाटा वर का जातो?)